पानांतून फ्लेव्होनॉइड वेगळं काढताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी जूनमध्ये कॉलेजं उघडली की एम.एस्सी. आणि फार्मसीची मुलं हे प्रश्न घेऊन येतात. मार्चमध्ये प्रबंध बाइंडिंगला टाकायच्या आठवड्यात तेच प्रश्न पुन्हा येतात, फक्त रडवेल्या आवाजात. तेव्हा एकदाच लिहून ठेवतो. उदाहरणाला बहुतेक ठिकाणी शेवगा घेतलाय, कारण पुण्यात तो कुणाच्या ना कुणाच्या परसात असतोच.

फ्लेव्होनॉइड म्हणजे नेमकं काय?

दोन बेंझिन कडी आणि त्यांना जोडणारे तीन कार्बन, असा पंधरा कार्बनांचा सांगाडा. कड्यांवर हायड्रॉक्सिल गट कुठे आणि किती, यावरून क्वेरसेटिन, केम्फेरॉल, ल्युटिओलिन अशी नावं पडतात. झाड ही रसायनं आपल्यासाठी करत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांपासून पानाचं रक्षण व्हावं, हे त्यांचं एक मोठं काम. उन्हातलं पान आणि सावलीतलं पान यांच्या आकड्यांत फरक पडतो तो त्यामुळेच.

१९३६ मध्ये हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यांना ‘व्हिटॅमिन पी’ म्हटलं होतं. ती जीवनसत्त्वं नाहीत हे पुढे स्पष्ट झालं आणि नाव मागे पडलं. काही जाहिरातींना ते अजून कळलेलं नाही.

आणखी एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. पानात हे रेणू बहुधा सुटे नसतात, साखरेला जोडलेले असतात. शेवग्याच्या पानात क्वेरसेटिनपेक्षा आयसोक्वेरसिट्रिन, म्हणजे क्वेरसेटिन अधिक ग्लुकोज, भेटण्याची शक्यता जास्त. पुढचा निम्मा गोंधळ या साखरेचा आहे.

कोणतं झाड घ्यावं?

जे सहज आणि भरपूर मिळेल ते. शेवगा, पेरू, तुळस, निर्गुडी यांत फ्लेव्होनॉइड आहेत हे पक्कं माहीत आहे. तुळशीतल्या ओरिएंटिन आणि व्हिसेनिनमध्ये साखर थेट कार्बनला जोडलेली असते. नेहमीच्या आम्लात उकळून ती सुटत नाही, हे विसरलेला विद्यार्थी दिवसभर रिफ्लक्स (वाफ थंड करून परत खाली आणत उकळत ठेवणं) लावून बसतो. अडुळसा घेऊ का, असंही विचारतात. घ्या, पण त्याची ख्याती व्हॅसिसिन या अल्कलॉइडमुळे, म्हणजे नायट्रोजन असलेल्या वेगळ्याच गटातल्या रसायनामुळे, आहे. फ्लेव्होनॉइड शोधायला तिथे का गेलात, हे परीक्षक विचारणारच.

‘कुणीच न केलेलं झाड’ शोधत ताम्हिणी घाटात हिंडू नका. पहिल्यांदाच कॉलम (रसायनं वेगळी करणारी, सिलिकाची पूड भरलेली काचेची नळी) लावणाऱ्याने माहितीतलं झाड घ्यावं. समोर काय यायला हवं हे ठाऊक असलं, तरच चूक कुठे झाली ते कळतं.

झाड शेवग्याचंच आहे हे आम्हाला दिसतंय. तरी ओळख पटवून घ्यायची?

हो, आणि याच्यावर मी हटून बसतो. पुण्याच्या रस्त्यांच्या कडेला उंच, निमुळता, लांब लहरी कडांच्या पानांचा जो ‘अशोक’ रांगेने उभा असतो, तो औषधी अशोक नव्हे. तो पॉलिअल्थिया लाँगिफोलिया. औषधातला सीता-अशोक म्हणजे सराका असोका, तो वेगळ्याच कुळातला. सोसायटीच्या आवारातली पानं तोडून ‘अशोकाच्या पानांचा अभ्यास’ लिहिलेला प्रबंध मी डोळ्यांनी पाहिलाय. रसायनशास्त्र त्यात नीट होतं. झाड चुकलं होतं.

कोरेगाव रोडवर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, आगरकर संशोधन संस्थेचं हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) आहे, विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे. नुसती पानांची पिशवी नेऊ नका. फुलं किंवा शेंगा असलेली फांदी नीट दाबून, वाळवून न्या. सोबत तारीख, ठिकाण आणि तोडणाऱ्याचं नाव असू द्या. नमुना क्रमांक मिळाला की तो प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात यायला हवा.

मंडईतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून वाळलेली पानं आणण्याचा मोह होतो. कृतीचा सराव करून पाहण्यापुरती आणा हवी तर. प्रबंधासाठी नको. कुठलं झाड, कधी तोडलं, किती महिने पोत्यात होतं, यातलं काहीच सांगता येणार नाही.

परवानगी लागते का?

स्वतःच्या किंवा मित्राच्या परसातल्या शेवग्याला मालकाचा होकार पुरे. वनक्षेत्रातून काही आणायचं असेल तर वनविभागाची परवानगी आधी. पेटंटचा विचार असेल तर २००२ चा जैवविविधता कायदा मध्ये येतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी काम पडतं. हे गाइडशी पहिल्याच महिन्यात बोला.

पानं कधी तोडायची आणि कशी वाळवायची?

एकाच झाडाची, एकाच वयाची, एकाच दिवशी. कोवळी आणि जून पानं एकत्र केलीत तर पुढचे आकडे कशाचे, हे तुम्हालाच सांगता येणार नाही. तोडल्याची वेळही वहीत टिपा.

वाळवणं सावलीत, पातळ थर पसरून, खाली वर्तमानपत्र नव्हे तर साधा कोरा कागद. छापील कागदाची शाई ओल्या पानाला लागते. कडक उन्हात पान लवकर वाळतं खरं, पण तपकिरी पडतं. पान तुटलं तरी त्यातली एन्झाइम्स चालूच असतात. पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नेमकी तुम्हाला हवी तीच रसायनं खात बसतं. म्हणून पाणी लवकर जायला हवं, पण भाजून नव्हे.

पुण्यात खरी अडचण जुलै-ऑगस्टची. हवा इतकी दमट असते की सावलीत आठवडाभर ठेवलेलं पान वाळण्याऐवजी बुरसतं. माझी पहिली तुकडी अशीच गेली. गॅलरीत पसरली, पंखा लावला, चौथ्या दिवशी पांढरी बुरशी. तेव्हापासून पावसाळ्यात सरळ ४० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये, दार किंचित उघडं ठेवून. वजन दोनदा सारखं आलं की झालं. मग मिक्सरमध्ये थांबत थांबत दळा, भांडं तापू देऊ नका. ४० मेशच्या (इंचाला ४० भोकांच्या) चाळणीतून चाळा आणि हवाबंद बरणीत, अंधारात ठेवा.

मेथॅनॉलच का? अल्कोहोल का नाही?

इथेनॉल जास्त सुरक्षित, अर्कही चांगला देतं. पण महाराष्ट्रात त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. तो तुमच्या विभागाकडे असेल तर इथेनॉलच वापरा. नसेल तर मेथॅनॉल.

निव्वळ मेथॅनॉलपेक्षा ७० ते ८० टक्के मेथॅनॉल आणि बाकी पाणी हे मिश्रण साखर जोडलेल्या फ्लेव्होनॉइडांना बरं पडतं. मेथॅनॉलची वाफ हुंगू नका, हातावर घेऊ नका. डोळे जातात ही अफवा नाही.

सॉक्सलेट लावू की नुसतं भिजवू?

शेवग्यासाठी भिजवा. एक भाग पूड, दहा भाग द्रावक, खोलीच्या तापमानाला २४ तास, अधूनमधून हलवून. गाळा, आणि तोच चोथा आणखी दोनदा भिजवा. तिन्ही गाळणी एकत्र करून रोटाव्हेपवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या फिरत्या यंत्रावर) ४५ अंशांच्या आत आटवा.

सॉक्सलेट, म्हणजे उकळत्या द्रावकाची वाफ थंड करून पुन्हा पुन्हा पुडीवर सोडणारं काचेचं उपकरण, वाईट आहे असं नाही. १८७९ मध्ये दुधातली चरबी मोजायला निघालेलं ते उपकरण आजही कमी द्रावकात काम उरकतं. पण त्यात अर्क तासन् तास उकळत राहतो. शेवग्यातल्या काही ग्लायकोसाइडांच्या (साखर जोडलेल्या रेणूंच्या) साखरेवर मॅलोनिल नावाचा छोटा गट असतो आणि तो उष्णतेने गळून पडतो. मग तुम्ही जे वेगळं काढता ते पानात मुळात तेवढं नव्हतंच, तुमच्या हीटिंग मॅन्टलने (फ्लास्क तापवणाऱ्या शेगडीने) तयार केलेलं असतं.

आणि गुरुवार. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद म्हटलं की बहुधा गुरुवारच, विजेचंही तेच. कंडेन्सरचं पाणी गेलं की खोलीभर पेट्रोलियम ईथर. ज्यांना सॉक्सलेट लावायचंच आहे, त्यांनी बादलीत बर्फाचं पाणी आणि कूलरचा छोटा पंप असं फिरतं पाणी करावं. नळाचं पाणीही वाया जात नाही.

अर्क हिरवागार आणि चिकट येतो. काय करू?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. कुणीतरी हमखास ‘कोळशातून गाळ’ असा सल्ला देतं. ऐकू नका. सक्रिय कोळसा सपाट, कडी असलेले रेणू धरून ठेवतो, आणि फ्लेव्होनॉइड तसेच असतात. हिरवा रंग जाईल आणि सोबत तुमचा प्रकल्पही.

त्याऐवजी कोरडी पूड आधी पेट्रोलियम ईथरने किंवा हेक्झेनने धुवा. मेण, चरबी आणि थोडं हरितद्रव्य तिथेच जातं. मग मेथॅनॉलचा अर्क काढा. मेथॅनॉल आटवून फक्त पाणी उरलं की ते रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. उरलेलं हरितद्रव्य काळपट डांबरासारखं तळाशी बसतं. सेलाइटच्या (गाळायला वापरतात त्या बारीक पुडीच्या) थरातून गाळलं की खाली तपकिरी-पिवळं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी येतं.

आता हे पाणी सेपरेटिंग फनेलमध्ये घेऊन क्रमाने क्लोरोफॉर्म, इथाइल ॲसिटेट आणि ब्युटॅनॉल यांनी काढा. साखर नसलेले आणि एक साखर असलेले काही रेणू इथाइल ॲसिटेटमध्ये, जास्त साखरवाले ब्युटॅनॉलमध्ये. कुठलाही थर ‘कामाचा नाही’ म्हणून टाकू नका. प्रत्येकाचं टीएलसी (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी, म्हणजे सिलिका लावलेल्या प्लेटवर घटक ठिपक्यांत वेगळे करून पाहणं) होईपर्यंत बाटलीत असू द्या.

फनेल ताकासारखं घुसळलंत तर फेस होईल आणि थर वेगळे होणार नाहीत, कारण अर्कात फेसाळणारी द्रव्यं बरीच असतात. हळू उलटंपालटं करा. तरीही अडकलं तर चिमूटभर मीठ. ब्युटॅनॉल ११७ अंशांना उकळतं, रोटाव्हेपवर ते संपता संपत नाही. मधूनमधून थोडं पाणी घातलं की पाण्यासोबत कमी तापमानाला निघून जातं.

शिनोडा टेस्ट लाल आली. म्हणजे क्वेरसेटिन मिळालं ना?

नाही. मॅग्नेशियम आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाने आलेला लाल-गुलाबी रंग सांगतो की या गटातलं काहीतरी आहे. कोणतं, किती, हे तो सांगत नाही.

टीएलसीला कोणतं मिश्रण वापरू?

साखर असलेल्यांसाठी इथाइल ॲसिटेट, फॉर्मिक आम्ल, ग्लेशियल ॲसेटिक आम्ल, पाणी १००:११:११:२६. साखर नसलेल्यांसाठी टोल्युइन, इथाइल ॲसिटेट, फॉर्मिक आम्ल ५:४:१. आम्ल वगळू नका, नाहीतर ठिपक्यांना शेपट्या फुटतात.

प्लेट वाळवून ३६६ नॅनोमीटरच्या दिव्याखाली पाहा (चष्मा लावून). मग नॅचरल प्रॉडक्ट्स रिएजंट (फ्लेव्होनॉइडांना चमकता रंग देणारा फवारा) मारा. क्वेरसेटिनच्या घराण्यातले ठिपके नारिंगी होतात, केम्फेरॉल आणि एपिजेनिनचे पिवळट हिरवे. अंधाऱ्या खोलीत पहिल्यांदा ते रंग पाहिले की बऱ्याच मुलांचा या विषयावरचा राग जातो. क्रोमॅटोग्राफी ही पद्धतच मुळी पानांतले रंग वेगळे करताना जन्मली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिखाइल त्स्वेत यांनी हिरव्या पानांचा अर्क खडूच्या पुडीतून उतरवला होता.

कॉलम लावला, पण सगळ्या फ्रॅक्शनमध्ये (खाली क्रमाने गोळा केलेल्या भागांत) सगळंच येतंय.

मग बहुतेक यातलं एक झालंय. माल जास्त भरलात, किंवा थर वेडावाकडा बसला, किंवा घाई केलीत. सिलिकाचं वजन मालाच्या निदान तीस-पन्नासपट हवं. अर्क थोड्या सिलिकावर चोळून, पूर्ण कोरडा करून वर पसरायचा. ओला, चिकट गोळा वर ओतला की पहिल्या इंचातच खेळ संपतो. द्रावकाची ध्रुवता पायरीपायरीने वाढवा, उडी मारू नका. आणि कॉलम कोरडा पडू देऊ नका. चहाला गेलात आणि वरचं द्रावक संपलं, तर भेग पडते. ती भेग बुजत नाही, कुणी काहीही सांगो.

एवढं करूनही सिलिका फ्लेव्होनॉइडांना घट्ट धरते, शेजारी-शेजारी हायड्रॉक्सिल असलेल्यांना तर जास्तच. म्हणून सिलिकावर ढोबळ वाटणी करायची आणि शेवटची सफाई सेफाडेक्स एलएच-२० या फुगणाऱ्या जेलच्या मण्यांवर, मेथॅनॉलने. रात्रभर मेथॅनॉलमध्ये फुगवावं लागतं. सहसा जास्त साखरवाले आधी उतरतात, मग एक साखरवाले, सुटे सर्वांत शेवटी. थेंब सावकाश पडू द्या. सेफाडेक्स महाग आहे हे मान्य, पण धुऊन वर्षानुवर्षं वापरता येतं. विभागातला जुना कॉलम कुणाच्या कपाटात आहे ते प्रयोगशाळेच्या मामांना विचारा. त्यांना सगळं माहीत असतं.

कधीकधी कॉलमच्या आधीच नशीब उघडतं. रुटीनसारखा (क्वेरसेटिन अधिक दोन साखरा) पदार्थ उकळत्या पाण्यात २०० मिलिलिटरला एक ग्रॅम विरघळतो, गार पाण्यात तेवढ्यालाच सुमारे ८ लिटर लागतात. म्हणून घट्ट केलेलं फ्रॅक्शन थंड जागी ठेवून दोन दिवस विसरून जा. तळाशी पिवळी भुकटी दिसली तर ती गाळून आधी तपासा.

शुद्ध झालंय हे कशावरून ठरवायचं?

एका द्रावकात एक ठिपका म्हणजे शुद्ध नव्हे. तीन वेगवेगळ्या मिश्रणांत एकच ठिपका, मग एचपीएलसीत (उच्च दाबाच्या द्रव क्रोमॅटोग्राफीत) एकच शिखर, तेही एकाहून अधिक तरंगलांबींवर. त्यानंतर वर्णपट. फ्लेव्होन (ल्युटिओलिनसारखे) आणि फ्लेव्होनॉल (क्वेरसेटिनसारखे) यांना ३०० ते ३८५ नॅनोमीटरमध्ये एक पट्टा आणि २४० ते २८५ मध्ये दुसरा दिसतो.

नाव द्यायची घाई मास स्पेक्ट्रमवरून (रेणूचा भार सांगणाऱ्या वर्णपटावरून) होते. आकडा जुळला, नाव टाकलं. केम्फेरॉल आणि ल्युटिओलिन यांचा रेणुभार एकच, २८६. आयसोक्वेरसिट्रिन आणि हायपरोसाइड दोन्ही ४६४, एकात ग्लुकोज, दुसऱ्यात गॅलॅक्टोज. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही. एनएमआरला, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणूंची जागा ओळखणाऱ्या तंत्राला, दिसतो. क्वेरसेटिनच्या प्रोटॉन वर्णपटात १२.५ पीपीएमच्या जवळ पाचव्या स्थानावरचा हायड्रॉक्सिल, ६.२ आणि ६.४ ला दोन छोटे जुळे, ६.९ ते ७.७ मध्ये तीन प्रोटॉन. साखर असेल तर तिचा मुख्य प्रोटॉन ५.४ च्या आसपास. यासाठी पाच-दहा मिलिग्रॅम शुद्ध माल हाताशी ठेवा, म्हणजे कार्बन वर्णपटही निघेल.

एक प्रसंग सांगतो, कॉलेजचं नाव नको. एका मुलीला ‘नवीन संयुग’ मिळालं. आनंदीआनंद. मासमध्ये ३९१ आणि १४९ चे आकडे पाहिले आणि विचारलं, द्रावक कशात साठवता? प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये. संयुग शेवग्याचं नव्हतं, प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून घालतात त्या थॅलेटचं होतं. तिचे चार महिने गेले, आणि दोष तिचा नव्हता. तिला काचेची बाटली कुणी दिलीच नव्हती. द्रावक काचेत ठेवा, वापरण्याआधी ऊर्ध्वपातन करा, आणि नुसतं द्रावक आटवून मागे काय उरतं ते एकदा पाहाच.

डीपीपीएच चाचणी कशी करू? आकडे दर वेळी वेगळे येतात.

डीपीपीएच हे जांभळं मुक्त मूलक; नमुन्याची ऑक्सिडीकरण रोखण्याची ताकद त्यावरून मोजतात. ०.१ मिलिमोलर द्रावण, म्हणजे १०० मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये ३.९ मिलिग्रॅम डीपीपीएच, त्याच दिवशी केलेलं. नमुना घालून ३० मिनिटं अंधारात, मग ५१७ नॅनोमीटरला वाचन. जांभळा रंग पिवळ्याकडे गेला म्हणजे नमुन्याने हायड्रोजन दिला. निदान पाच तीव्रता घ्या, प्रत्येक तीनदा, आणि शेजारी ॲस्कॉर्बिक आम्ल किंवा क्वेरसेटिन चालवा. निम्मा रंग घालवणारी तीव्रता म्हणजे आयसी-५०. ती कमी तेवढी ताकद जास्त. उलटं लिहिणारे दर वर्षी निघतात.

आकडे हलण्याचं पहिलं कारण म्हणजे अर्काचा स्वतःचा रंग. हिरवा अर्क ५१७ ला थोडा प्रकाश स्वतःच खातो. म्हणून डीपीपीएच न घालता फक्त अर्काचं वाचन घ्या आणि वजा करा. दुसरं कारण, जुनं डीपीपीएच. तिसरं, वरच्या ३० मिनिटांचा हिशेब न ठेवता कुणाची तरी वाट पाहत उभं राहणं.

क्वेरसेटिन इथे केम्फेरॉलपेक्षा जोरदार दिसतं, कारण त्याच्या एका कड्यावर दोन हायड्रॉक्सिल शेजारी-शेजारी आहेत, केम्फेरॉलच्या त्या कड्यावर एकच. हे एक वाक्य तोंडी परीक्षेत तारून नेतं.

मात्र परीक्षानळीतला हा आकडा शरीराबद्दल फार काही बोलत नाही. गिळलेलं क्वेरसेटिन आतड्यात आणि यकृतात लगेच बदलतं, मूळ रूपात रक्तात फारच थोडं उरतं. शिवाय हे रेणू अनेक चाचण्यांमध्ये खोटं यश दाखवण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. ‘कर्करोगावर उपयुक्त’ हे शब्द निष्कर्षात दिसले की मी ते खोडतो. गाइड रागावले तर माझं नाव सांगा.

एकूण फ्लेव्होनॉइड मोजलं, आता ‘एकूण’ लिहू ना?

ॲल्युमिनियम क्लोराइडची ४१५ नॅनोमीटरची पद्धत फ्लेव्होन आणि फ्लेव्होनॉल यांना धरते. कॅटेचिन, तीही फ्लेव्होनॉइडच, तिच्यातून निसटतात. म्हणून ‘क्वेरसेटिनच्या तुलनेत, अमुक पद्धतीने’ असं लिहा. फिनॉल मोजायचा फोलिन अभिकर्मक तर क जीवनसत्त्वालाही निळा होतो.

हा अर्क घरी घेतला तर चालेल का? आजीला सांधेदुखी आहे.

मुळीच नाही. त्यात मेथॅनॉल, क्लोरोफॉर्म यांचे अंश असू शकतात. आजींना शेवग्याच्या पाल्याची भाजी करून द्या, मूगडाळ घालून, आणि दुखण्यासाठी डॉक्टरांकडे न्या.

शेवटी हातात किती येतं?

शंभर ग्रॅम सुक्या पानांतून शुद्ध पदार्थ दहा-वीस मिलिग्रॅम आला तर मी पेढे मागतो. पहिल्या खेपेला अर्धा किलो पूड घेऊनच सुरुवात करा. परीक्षक प्रमाण विचारतील, त्यासाठी प्रत्येक टप्प्याचं वजन लिहून ठेवा. रिकाम्या फ्लास्कचं वजन आधी केलं नाही म्हणून रडणारा एक तरी मुलगा दर तुकडीत असतो.

उरलेली द्रावकं बेसिनमध्ये ओतली तर?

ती मुठा नदीत जातात. क्लोरोफॉर्मची बाटली वेगळी, बाकीची वेगळी, दोन्हींवर मार्करने नाव आणि तारीख. चोथा फ्यूम हूडमध्ये (वाफ बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात) पूर्ण कोरडा होईपर्यंत ठेवा. ओला चोथा कचऱ्याच्या डब्यात टाकून वर कुणी काडी ओढली, असं व्हायला नको.